मे महिन्यातला शनिवार-रविवार मुंबईत मित्रांकडे: कोकणातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

मित्राचा पत्ता हाती आला की त्यात आधी दोन गोष्टी बघा: जवळचं स्टेशन कोणतं आणि ते कुठल्या लाइनीवर आहे. इमारत, गल्ली, नाका हे सगळं नंतर. गावच्या गाडीतून कुठे उतरायचं, आंब्याची पेटी कशी न्यायची, दोन दिवसांत काय बघून होईल, रविवारी रात्री घरातून किती वाजता निघायचं, हे सगळं या एका उत्तरावरून ठरतं. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये कोणी सांगत नाही. गाडी बदलावी लागते का आणि एकूण वेळ किती जातो, एवढंच सांगतात.

लाइनी मुख्य तीन. मध्य रेल्वेची लाइन सीएसएमटीहून दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे जाते. पश्चिम रेल्वेची चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, वसई, विरारकडे. हार्बरची सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, चेंबूर, वाशी, बेलापूर, पनवेलकडे. शिवाय ठाण्याहून वाशी आणि पनवेलला जाणारी ट्रान्सहार्बर. बोरिवली आणि ठाणे नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. लोकलने जायचं तर दादरपर्यंत खाली या, गाडी बदला आणि पुन्हा वर जा. एक मित्र बोरिवलीला आणि दुसरा ठाण्याला असेल तर एकाच दिवशी दोघांकडे जेवायचं कबूल करू नका.

तारीख ठरवताना परतीचं तिकीट आधी

मे महिन्यात कोकण रेल्वेची गर्दी एकाच दिशेने वाहत नाही. महिन्याच्या सुरुवातीला चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात, त्यामुळे मुंबईकडून येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. शेवटच्या आठवड्यात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, शाळा उघडायच्या आधी, तेच सगळे परत निघतात आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणजे तुम्ही १० मेच्या आसपास जाणार असाल तर जाण्याचं तिकीट त्यामानाने सहज मिळेल, अडचण परतीची. मेअखेर जाणार असाल तर उलट. आठवड्याच्या हिशेबातही हेच चालतं: शुक्रवारी रात्री मुंबईकर कोकणात येतो आणि रविवारी रात्री परत जातो, तुमचा प्रवास त्याच्या उलट दिशेचा. हा फायदा घ्या आणि शुक्रवार रात्र ते रविवार रात्र असाच बेत करा.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. परतीचं तिकीट हाती आल्याशिवाय जाण्याचं काढू नका.

रात्रीच्या दोन गाड्या या बेतात नीट बसतात, कोकणकन्या आणि तुतारी. दोन्ही संध्याकाळी तळकोकणातून निघतात आणि पहाटे-सकाळी मुंबई गाठतात. कोकणकन्या सीएसएमटीपर्यंत जाते, तुतारी दादरला संपते. परतताना कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री ११ च्या सुमारास सुटते आणि तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. नवखे लोक इथेच चुकतात. रविवारी रात्री जेवून तुतारी पकडायची असेल तर तिकिटावर सोमवारची तारीख हवी. रविवारची तारीख टाकलीत तर ती गाडी शनिवारी मध्यरात्रीच निघून गेलेली असते आणि रविवारी रात्री तुमच्या हातातल्या तिकिटाचा काही उपयोग नसतो.

दिवसा जायचं असेल तर मांडवी आणि जनशताब्दी आहेत. वंदे भारत शुक्रवारी धावत नाही, त्यामुळे शुक्रवारी दुपारी निघायच्या बेतात ती धरू नका.

तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. आदला दिवस गाडी जिथून सुटते त्या स्टेशनच्या तारखेवरून मोजायचा. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. ही जोडणी आठवडाभर आधी करून ठेवा, सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी नव्हे. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, ते घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही. आरएसी असेल तर बसायला जागा नक्की असते, निर्धास्त निघा.

एसटीने जाणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. रस्त्याचा भरवसा मात्र रेल्वेइतका नाही. माणगाव आणि इंदापूरच्या बाजारपेठेत सुट्टीच्या दिवसांत गाड्या तासन् तास अडकतात. स्वतःची गाडी घेऊन जायचं असेल तर मित्राच्या सोसायटीत पाहुण्यांना पार्किंग मिळतं का हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी मिळत नाही आणि मग रस्त्याकडेला लावलेली गाडी टो होऊन जाते.

उतरायचं कुठे

सगळ्यांनी सीएसएमटीपर्यंत जायची काहीच गरज नसते.

मित्र खारघर, बेलापूर, नेरुळ, वाशी या बाजूला असेल तर पनवेलला उतरा आणि हार्बर लोकल धरा. मुलुंड, भांडुप, घाटकोपर असेल तर ठाण्याला उतरा. डोंबिवली, कल्याणलाही ठाणेच. तिथून कल्याणच्या दिशेची लोकल पहाटे जवळजवळ रिकामी असते, कारण गर्दी सगळी मुंबईकडे चाललेली असते. पश्चिम लाइनीवर जायचं असेल तर दादरला उतरून पुलावरून पलीकडे जा. दादरला प्लॅटफॉर्मचे नंबर आता सलग आहेत: १ ते ७ पश्चिमचे, ८ ते १४ मध्यचे. जुने लोक अजून "मध्यचा एक नंबर" असं सांगतात, त्याने गोंधळून जाऊ नका, पाटीवरचा नंबर बघा. वसई, बोरिवलीवरून वांद्र्याला थेट जाणारी मडगाव गाडी २०२४ मध्ये सुरू झाली, पण ती आठवड्यातून दोनच दिवस असते आणि शनिवार-रविवारच्या बेताला जुळत नाही.

मत्स्यगंधा आणि नेत्रावती लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. हे टर्मिनस म्हणजे कुर्ला स्टेशन नव्हे. बाहेर पडताच रिक्षावाले गराडा घालतात आणि मीटर न टाकता भाडं सांगतात. हार्बरचं टिळकनगर स्टेशन तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. या गाड्या ठाण्यालाही थांबतात, त्यामुळे टर्मिनसपर्यंत न जाता ठाण्याला उतरणंच बहुतेकांना सोयीचं पडतं.

ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटंच उभी राहते. दिवा स्टेशन मागे पडलं की सामान दारापाशी आणा. घरून निघताना सामानाचे नग मोजलेले असतील तर उतरतानाही मोजून उतरा. बर्थखाली सरकवलेली आंब्याची पेटीच सगळ्यांत जास्त वेळा गाडीत राहते.

मित्राला निघण्याआधी काय विचारायचं

पहिलं, पाणी किती वाजता येतं. कोकणात विहिरीवर किंवा पंपावर वाढलेल्या माणसाला हे सुचत नाही. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींत नळाला ठराविक तासच पाणी असतं आणि तलावांची पातळी उतरली की उन्हाळ्यात महापालिका कपातही करते. सकाळी पाचला पाणी येऊन साडेसहाला जात असेल तर त्या दीड तासात घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी, कपडे आणि भांडी उरकायची असतात. पाहुण्याने त्या वेळी मधे येऊ नये. साठवलेल्या पाण्यात एका बादलीत आंघोळ करायची तयारी ठेवा आणि ती बादली कितीला भरायची तेही विचारून घ्या.

दुसरं, झोपायची सोय. वन रूम किचनमध्ये चार माणसं राहत असतील तर दोघांपेक्षा जास्त पाहुणे नकोत. स्वतःची चादर, टॉवेल आणि चार्जर न्या. मुंबईत मे महिन्यात दिवसाचं तापमान ३३-३४ अंशांच्या घरात आणि रात्री २७ च्या आसपास असतं. आकड्यांवरून ते कोकणासारखंच वाटतं, पण सिमेंटच्या भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात आणि अंगणात बाज टाकायची सोय नसते. जाड पांघरुणाचं ओझं नेऊ नका, पातळ सुती कपडे जास्तीचे दोन जोड न्या.

तिसरं, इमारतीत शिरायचं कसं. मोठ्या सोसायट्यांत वॉचमन मोबाइलवरून घरमालकाची परवानगी घेतो आणि वहीत नोंद करतो. पहाटे साडेपाचला मित्र झोपलेला असेल तर तुम्ही गेटबाहेर उभे राहता. त्यामुळे गाडीचं नाव, डबा आणि पोहोचण्याची वेळ आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळवून ठेवा. घरात लहान मूल किंवा रात्रपाळी करणारं माणूस असेल तर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन, चहा घेऊन सातच्या सुमाराला दारात पोहोचणं सगळ्यांच्या सोयीचं.

चौथं, इमारतीत मासे चालतात का. भाड्याच्या घरात राहणाऱ्या मित्राला हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो आणि तो स्वतःहून तो विषय काढत नाही. सुकट, बोंबील, बांगडा न्यायचा असेल तर आधी विचारा.

आंबे न्यायची पद्धत

मे महिन्यात कोकणातून जाताना हापूस नेला नाही असं होत नाही, पण निम्मी मेहनत पॅकिंगमध्ये वाया जाते. मध्यम फळ पाव किलोच्या आसपास भरतं, म्हणजे डझनाला तीन किलो. पाच डझनांच्या लाकडी पेटीचं वजन लाकूड धरून सतरा-अठरा किलोंवर जातं. ती दादरच्या पुलावरून चढवायची, लोकलमध्ये घालायची आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर न्यायची हे एकट्याचं काम नाही. त्यापेक्षा दोन-दोन डझनांचे पुठ्ठ्याचे खोके करा. दोन हातात दोन खोके, पाठीवर सॅक, इतकंच. तीन घरी द्यायचे असतील तर एकेक डझनाचे तीन खोके करून प्रत्येकावर नाव लिहा, म्हणजे मित्राच्या घरात वाटणी करत बसावं लागत नाही. स्लीपर आणि थ्री एसीत माणशी ४० किलोपर्यंत सामान चालतं, त्यामुळे वजनाची अडचण गाडीत नसते, ती मुंबईत उतरल्यावर सुरू होते.

फळ देठासकट काढलेलं, खांदे भरलेलं हवं. देठ मोडलेल्या फळाचा चीक सालीवर ओघळून काळा डाग पडतो आणि तिथूनच ते सडायला लागतं. सगळी फळं एकाच तयारीची घेऊ नका. एक तृतीयांश अशी घ्या की देठाजवळ वास सुटलेला आहे आणि अंगठ्याने दाबलं तर किंचित लवतं. ती शनिवार-रविवारी खायला होतील. बाकीची हिरवी, घट्ट. ती तुम्ही परत आल्यावर आठवडाभर मित्राला पुरतील. तयार फळांचा थर वर, कच्च्यांचा खाली. उलटं केलंत तर कच्च्यांच्या वजनाने तयार फळं चेपतात.

खोक्याच्या तळाला चार बोटं भाताचा पेंढा, फळांचा थर, पुन्हा पेंढा, वरचा थर, वर पेंढा. झाकण लावल्यावर खोका हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पेंढा कमी पडला, अजून भरा. आदळून नव्हे, तर एकमेकांवर घासून फळं जास्त खराब होतात. बाजूंना दोन-दोन भोकं पाडा आणि सुतळीने आडवं-उभं बांधून धरायला कडी करा. बर्थखाली ठेवताना खोक्यावर दुसऱ्याची बॅग येणार नाही असं बघा.

पोहोचल्यावर मित्राला या गोष्टी सांगा. झाकण काढून खोका घरातल्या हवेशीर कोपऱ्यात ठेवायचा, गॅलरीतल्या उन्हात नाही. पेंढा टाकून द्यायचा नाही. फळ पूर्ण पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, कारण गारव्यात हापूस पिकायचा थांबतो आणि साल सुरकुतून चव जाते. रोज एकदा सगळी फळं बघायची आणि देठाकडून काळं पडत चाललेलं लगेच बाजूला काढायचं. खाण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवायचं. एखादं फळ बाहेरून सोन्यासारखं आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखं निघालं तर तो साका. तो बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक खोक्यात डझनापेक्षा एक-दोन फळं जास्तीची टाका.

आंब्यांखेरीज कोकम आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी यांना वास नाही आणि ती खराबही होत नाहीत. आगळाची बाटली झाकणाला प्लॅस्टिक लावून, टेप गुंडाळून उभी ठेवा. सांडलं तर कपड्यांवरचा डाग निघत नाही. पिकलेला अख्खा फणस एसी डब्यात नेऊ नका. ओली मासळी बर्फात घालूनही रेल्वेने नेऊ नका, थर्माकोलच्या खोक्यातून पाणी झिरपतंच.

लोकल

तिकीट खिडकीवर, एटीव्हीएम मशीनवर किंवा रेलवन ॲपवर मिळतं. सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये. दोन-तीन दिवस भरपूर फिरायचं असेल तर खिडकीवर टूरिस्ट तिकीट मागा, ते १, ३ किंवा ५ दिवसांचं असतं आणि मध्य, पश्चिम, हार्बर सगळीकडे चालतं. विनातिकीट सापडलं तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड.

नवख्यांकडून सर्रास होणारी चूक म्हणजे सेकंडच्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये शिरणं. डबा बाहेरून सारखाच दिसतो. दाराशेजारचे तिरके रंगीत पट्टे आणि त्यावर लिहिलेलं वाचा. महिलांचे, दिव्यांगांचे डबे वेगळे आहेत. एसी लोकलचं तिकीटही वेगळं, साध्या तिकिटावर तिच्यात चढू नका. आंब्याचे खोके हातात असतील तर सामानाचा डबा शोधा. तिथे टोपल्या, पाट्या घेऊन जाणारे लोक असतात आणि खोका ठेवायला जागा मिळते.

इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन, मग एस किंवा एफ, डबे किती आणि किती मिनिटांत येणार, असा क्रम असतो. एस म्हणजे स्लो, सगळीकडे थांबणारी. एफ म्हणजे फास्ट. मध्यची फास्ट दादर, कुर्ला, घाटकोपरला थांबते, पण माटुंगा, सायन, विद्याविहारला थांबत नाही. शंका असेल तर स्लोच धरा. ठाणे ते सीएसएमटी फास्टने पाऊण तास, स्लोने एक तास. एवढ्या फरकासाठी जोखीम घेऊ नये.

पश्चिमेला विरार फास्टमध्ये अंधेरी-बोरिवलीपुरतं चढू नका. आतली माणसं लांबची असतात, दारातून हलत नाहीत आणि तुम्हाला उतरता येत नाही. बोरिवलीला जायचं तर बोरिवलीचीच गाडी.

गर्दी सकाळी ८ ते ११ शहराकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते ९ उपनगरांकडे. शनिवारी ती थोडी कमी, पण असते. उतरायचं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधीच दाराकडे सरकायला लागा. पुढच्या माणसाला नुसतं "दादर?" असं विचारा. तो मान हलवेल किंवा बाजूला होईल. सॅक पाठीवरून काढून पोटाशी घ्या, मोबाइल पुढच्या खिशात. दारात उभं राहून फोनवर बोलू नका. रुळांलगत उभे असलेले चोर हातावर काठी मारून फोन पाडतात आणि तो वाचवायला जाणारा माणूस गाडीखाली जातो. गाडी थांबल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही, सोबतचे लोक कितीही उड्या मारत असले तरी. काही अडचण आली तर रेल्वेची हेल्पलाइन १३९.

स्टेशनबाहेर रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरला २६ रुपये, टॅक्सीचं ३१. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळात २५ टक्के जास्त. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बस. बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट १० रुपये, एसीचं १२. सुटे पैसे ठेवा, कंडक्टरला पाचशेची नोट दाखवू नका.

मेट्रोपैकी तुमच्या कामाची मुख्यतः तीन नंबरची. ती आरेपासून कफ परेडपर्यंत जवळजवळ पूर्ण जमिनीखालून जाते, ऑक्टोबर २०२५ पासून शेवटपर्यंत सुरू आहे आणि तिकीट १० ते ७० रुपये. दादर, सिद्धिविनायक, वरळी, गिरगाव, सीएसएमटी ही सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत आणि आत एसी आहे. दुपारच्या उन्हात दादरहून गिरगावला जायचं तर लोकलपेक्षा हीच बरी. तिकीट खाली उतरण्याआधीच फोनवर काढून ठेवा.

शनिवारी काय, रविवारी काय

रविवारी मेगाब्लॉक असतो. रुळांच्या दुरुस्तीसाठी साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात काही मार्ग बंद ठेवतात किंवा फास्ट गाड्या स्लो मार्गावरून चालवतात. कुठल्या लाइनीवर कुठपासून कुठपर्यंत, हे शुक्रवार-शनिवारच्या वर्तमानपत्रात येतं. म्हणून लांबचा फेरफटका शनिवारी करायचा आणि रविवार मित्राच्या लाइनीवर, घराजवळ घालवायचा.

खरेदीचंही असंच. क्रॉफर्ड मार्केट आणि मंगलदास मार्केट रविवारी बंद, तेव्हा लग्नाचं कापड किंवा घाऊक सामान घ्यायचं तर शनिवारी दक्षिण मुंबईत जा. दादर पश्चिमेचा बाजार रविवारी जोरात असतो.

शनिवारी सकाळी लवकर निघून गेटवेहून घारापुरीची लाँच धरता येते. जायला साधारण तासभर लागतो आणि वर पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून सकाळी ९ च्या सुमाराची पहिलीच लाँच धरा. अकरानंतर त्या पायऱ्यांवर ऊन सोसत नाही. सोमवारी लेणी बंद असतात. लहान मुलं बरोबर असतील तर भायखळ्याची राणीची बाग: मोठ्यांना ५० रुपये, मुलांना २५, आई-वडील आणि दोन मुलं मिळून १००. बुधवारी बंद. पेंग्विन बघायला रांग लागते, दार उघडतानाच जा.

दुपारी १२ ते ४ रस्त्यावर फिरू नका. उतरत्या दुपारी मराठी नाटकाइतकं चांगलं दुसरं काही नाही. शनिवार-रविवारी दुपारी चारच्या सुमारास दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन अशा ठिकाणी प्रयोग असतात. गावच्या जत्रेत दशावतार बघून वाढलेल्या माणसाला रंगमंचाची आवड निराळी सांगावी लागत नाही, आणि तिकिटं तुम्ही काढलीत तर यजमानांसाठी हीच चांगली भेट. प्रयोग वेळेवर सुरू होतो, वीस मिनिटं आधी पोहोचा आणि फोन बंद ठेवा.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह किंवा गिरगाव चौपाटी. कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या त्रिकोणी दगडांवर उतरू नका, शेवाळाने पाय सटकतो आणि भरतीचं पाणी झपकन वर येतं. समुद्राची सवय असलेले कोकणातले तरुणच तिथे जास्त धीट होतात. पाणी आंघोळीचं नाही.

रविवार हा मित्राचा आठवड्यातला एकच सुट्टीचा दिवस आहे हे ध्यानात ठेवा. रविवारी सकाळी त्याला झोपू द्या, तुम्ही एकटे जवळच्या बाजारात जाऊन या, येताना पाव आणि दूध आणा. बाहेरचं एक जेवण तुमच्याकडून. घरातली एक वेळ रांधण तुम्ही करा: आमसुलाची कढी, भात आणि कुळथाची पिठी इतकं पुरतं, आणि मुंबईत ती चव रोज मिळत नाही.

परतीची रात्र

रविवारी लोकलचं वेळापत्रक वेगळं, गाड्या कमी. नेहमीच्या हिशेबात अर्धा तास वाढवा. बोरिवलीहून दादरला तुतारीसाठी निघायचं तर दहाला घर सोडा. सीएसएमटीला लोकल १ ते ७ वरून सुटतात आणि लांबच्या गाड्या ८ ते १८ वरून, मधलं अंतर सामानासकट दहा मिनिटांचं आहे.

तिकीट सीएसएमटीचं आहे, पण मित्राकडून ठाण्याला चढणं सोयीचं वाटलं तर आयआरसीटीसीवर बोर्डिंग स्टेशन आधीच बदला. न बदलता पुढच्या स्टेशनवर चढलात तर टीसीने तुमची जागा दुसऱ्याला दिलेली असू शकते.

कोकणकन्या चुकली तर घाबरून टॅक्सी करून ठाण्याकडे धावू नका, ती पकडली जात नाही. दादरला जा, तुतारीला अजून अवकाश असतो. मात्र जुनं तिकीट तिच्यात चालत नाही, जनरलचं तिकीट काढून जनरल डब्यात बसावं लागतं.

जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं आणि गाड्यांच्या वेळा बदलतात. मेअखेर काढलेल्या जूनच्या तिकिटाची वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. आणि सोमवारी सकाळी तुमच्या स्टेशनवर न्यायला कोण येणार हे रविवारीच ठरवून ठेवा. रत्नागिरी असो की सावंतवाडी, कोकण रेल्वेची स्टेशनं गावापासून लांब आहेत, रिक्षा थोड्या आणि गाडीतून उतरणारे पुष्कळ.